घाट आणि कचेरी : वास्तुशिल्पी हबीब रहमान

कलकत्ता शहराच्या रचनेत मराठ्यांचाही थोडासा वाटा आहे, असे म्हटले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. परंतु १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेल्या, तेव्हा त्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी गावाभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. तीन मैल खणून होईपर्यंत मराठे काही शहरावर आले नाहीत, आणि काम जेथल्या तेथे राहून गेले. पुढे १७९९ मध्ये त्या खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. आता आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय या दोन थोर शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखला जाणारा तो लांबलचक रस्ता म्हणजे एका परीने आपल्या बारगिरांच्या भीतीची खूण होय. बंगाली माता आपल्या लेकरांना ज्या ‘बर्गीं’ची भीती घालून निजवीत आल्या, त्यांनी न येताही शहराला एक वळण लावून दिले!

ही गोष्ट सांगावयाची ती अशासाठी की, कलकत्त्याची वाढ पुढे दीडशे वर्षे बहुधा याच रीतीने होत राहिली. कधी भीतीने, कधी व्यापाराने, कधी गरजेने शहर पसरत गेले. आधी नकाशा आणि मग रस्ता असा क्रम त्याच्या वाट्याला क्वचितच आला. १९१२ मध्ये तेथे नगरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याच्यासाठी रिचर्ड्स नावाच्या अभियंत्याने १९१४ साली एक भला मोठा अहवाल लिहिला. पाच वर्षांनी पॅट्रिक गेडिस यांनी बडा बाजार या अतिशय गजबजलेल्या वस्तीची पाहणी करून दुसरा अहवाल लिहिला. हेच गेडिस त्या सुमारास मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि त्यांच्यानंतर तो विभाग डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. त्यामुळे महाराष्ट्राला त्यांचे नाव अपरिचित नाही. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रेषेत रस्ते काढण्यापेक्षा ती समजून घ्यावी आणि जेथे नड असेल तेवढेच हलक्या हाताने काढावे, असे गेडिस यांचे मत होते. अहवाल वाचले गेले, वाखाणले गेले आणि पुष्कळसे कपाटात जाऊन बसले. काही रुंद रस्ते मात्र झाले.

१५ ऑगस्ट १९४७ ला कलकत्ता ही अर्ध्याहूनही लहान झालेल्या एका प्रांताची राजधानी झाली. शहर तेच, त्याच्यामागचा मुलूख मात्र तुटलेला. पूर्व बंगालातून निर्वासितांची रीघ लागलेली, तिजोरीत खडखडाट, आणि राज्यकारभाराची कामे मात्र पूर्वीच्या दुप्पट. या राज्याने काय बांधावे, कोणाच्या हातून बांधावे, आणि ज्या इमारतींतून परक्यांनी राज्य केले त्यांच्याहून त्या दिसण्यात वेगळ्या असाव्यात की नसाव्यात, हे प्रश्न तेव्हा कोणी मोठ्या तात्त्विक भाषेत विचारले नाहीत. ते सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एका टेबलावर येऊन पडले. त्या टेबलाशी बसलेल्या बत्तीस वर्षांच्या अधिकाऱ्याचे नाव हबीब रहमान.

रहमान यांचा जन्म १९१५ साली कलकत्त्यातच झाला. त्यांचे शिक्षण नदीपलीकडच्या शिबपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात झाले, आणि तेही वास्तुकलेचे नव्हे, तर यंत्रशास्त्राचे. या कॉलेजाची एक गंमत अशी की, १८५६ मध्ये ते प्रथम सुरू झाले ते रायटर्स बिल्डिंगमध्ये, म्हणजे पुढे जेथे बंगाल सरकारचे सचिवालय बसले त्याच वास्तूत. शिबपूरला ते १८८० मध्ये हलले. सरकारी कचेऱ्यांच्या इमारती घडविण्यात ज्याचे आयुष्य जावयाचे होते, त्याचे विद्यालयही कचेरीच्याच ओसरीवर जन्मावे, हा योग मोठा सूचक आहे.

दुसरे महायुद्ध पेटलेले असताना रहमान अमेरिकेत गेले आणि बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी वास्तुकलेचा अभ्यास केला. १९४४ साली त्यांनी तेथील पदव्युत्तर पदवी घेतली. ती घेणारे ते पहिले भारतीय मानले जातात. लॉरेन्स अँडरसन, विल्यम वुर्स्टर अशा गुरूंचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि काही काळ वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली कामही करावयास मिळाले. ग्रोपिअस हे जर्मनीतील ‘बाउहाउस’ या विख्यात कलाशाळेचे संस्थापक. १९३३ साली नाझी राजवटीत ती शाळा बंद पडली, आणि ग्रोपिअस पुढे अमेरिकेत येऊन हार्वर्डला शिकवू लागले. नव्या युगाची इमारत नव्या युगाच्या द्रव्यांतून, म्हणजे पोलाद, काँक्रीट आणि काच यांतून घडावी. तिचे रूप तिच्या उपयोगातून निघावे. वरून चिकटविलेल्या नक्षीने नव्हे, अशी त्यांची शिकवण होती.

याच ग्रोपिअसांपाशी थोड्याच अंतराने एक मराठी तरुणही शिकत होता. मालवण तालुक्यातील आचरे गावचे अच्युत कानविंदे हे रहमान यांच्याहून एका वर्षाने लहान. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते हार्वर्डला गेले आणि परत आल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. पुढे त्यांनी सरकारी नोकरी सोडली, १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर स्वतःचा व्यवसाय थाटला, आणि कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेपासून मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रापर्यंत अनेक नामांकित वास्तू उभारल्या. त्यांचे नाव त्या वास्तूंशी कायमचे जोडले गेले. रहमान मात्र निवृत्तीपर्यंत सरकारी नोकरीतच राहिले. सरकारी नकाशावर सही असते ती खात्याची. संकल्प कोणी केला, रेघ कोणी मारली, हे फायलीच्या आतल्या पानावर राहते. बाहेरच्या कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव कोरले जाते. रहमान यांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाच्या ओठांवर नसण्याचे कारण बहुधा हेच असावे.

१९४६ साली ते मायदेशी परतले. कलकत्त्याच्या इतिहासात त्या वर्षाइतके काळे वर्ष क्वचितच असेल. १६ ऑगस्टला सुरू झालेल्या दंगलीत शहराच्या गल्ल्यांतून माणसे मारली गेली, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर शस्त्र धरले. वर्षभराने स्वातंत्र्य आले तेव्हा महात्मा गांधी दिल्लीच्या समारंभात नव्हते. ते कलकत्त्याच्या बेलियाघाट भागात हैदरी मंझिल नावाच्या एका पडक्या घरात मुक्काम करून होते. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस पुन्हा दंगल उसळली, तेव्हा त्यांनी तेथेच उपोषण आरंभिले. चौथ्या तारखेस शहरातील पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिल्यावर ते सुटले. पाच महिने गेले नाहीत तोच दिल्लीत त्यांचा वध झाला.

गांधीजींच्या रक्षेचा काही अंश कलकत्त्याच्या उत्तरेस बराकपूर येथे हुगळीत विसर्जित करण्यात आला, आणि त्या जागी स्मारक म्हणून घाट बांधावयाचे पश्चिम बंगाल सरकारने ठरविले. बराकपूर म्हणजे जुनी लष्करी छावणी. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी बंदूक उचलली ती येथे. गव्हर्नर जनरलांचा उन्हाळी वाडा आणि बाग येथेच. लेडी कॅनिंग यांची कबरही येथलीच, ज्यांच्या नावावरून बंगाली हलवायांनी ‘लेडीकेनी’ नावाचा गोड पदार्थ रूढ केला! अशा, साम्राज्याच्या आठवणींनी भरलेल्या नदीकाठी गांधीजींचे स्मारक योजण्याचे काम सरकारी वास्तुशिल्पी या नात्याने रहमान यांच्याकडे आले. ज्या शहरात दोनच वर्षांपूर्वी नावावरून माणसाचे मरण ठरत होते, त्या शहरात महात्म्याच्या स्मारकाचा आराखडा हबीब रहमान नावाच्या माणसाने करावा, यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. निदान सरकारला वाटले नाही, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची एक मोठीच गोष्ट होती.

रहमान यांनी काँक्रीटचा एक उंच, सडपातळ मनोरा योजला. मंदिराच्या शिखराची उभारी, मशिदीच्या घुमटाचे वळण आणि ख्रिस्ती क्रूस या तिन्हींच्या खुणा त्यांनी त्यात एकत्र आणल्या, आणि त्याच्या पायथ्याशी नदीत उतरणाऱ्या पायऱ्या ठेवल्या. १५ जानेवारी १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते घाटाचे उद्‌घाटन झाले. नेहरूंना ही रचना मनापासून आवडली आणि तिच्या कर्त्याचे नाव त्यांच्या लक्षात राहिले. रहमान यांच्या पुढील आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली म्हणावयास हरकत नाही.

कलादृष्टीने या घाटाकडे पाहिले तर मात्र थोडे थबकावे लागते. तीन धर्मांच्या तीन खुणा एका मनोऱ्यावर मांडल्याने ऐक्य दिसते खरे, पण ते काहीसे सभेतील ठरावासारखे दिसते. सर्वांची नावे आली पाहिजेत अशी चिंता त्यामागे जाणवते. तो काळच तसा होता. जखम इतकी ओली होती की, कोणाला वगळले असे वाटू देणे परवडणारे नव्हते. शिवाय भारतीय वास्तुकलेने जुन्या शैली पुन्हा उचलाव्यात की नव्या जगाची वाट धरावी, हा वाद बंगालात विशेष रंगलेला होता. दिल्लीच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे शिल्पकार श्रीशचंद्र चट्टोपाध्याय हे पुनरुज्जीवनाचे कट्टर पुरस्कर्ते. मंदिरांच्या, विहारांच्या परंपरेतूनच आधुनिक भारताची इमारत उभी राहावी असे ते आवर्जून सांगत. घाटाच्या आराखड्यात रहमान यांनी या वादाला एक सौम्य उत्तर दिले आहे. द्रव्य नवे, रेषा नवी, खुणा जुन्या.

त्यांच्या दुसऱ्या मोठ्या कामात मात्र खुणांना जागाच नव्हती. ते काम म्हणजे नवे सचिवालय.

रायटर्स बिल्डिंग ही ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांसाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली वास्तू. पुढे तिच्या दर्शनी भागावर खांब, कमानी, पुतळे चढले. १९३० च्या डिसेंबरात विनय, बादल आणि दिनेश या तिघा तरुणांनी आत शिरून कारागृहांचे मुख्य अधिकारी कर्नल सिंप्सन यांना गोळी घातली, ती येथेच. ज्या चौकात ही इमारत उभी आहे त्याचे डलहौसी हे नाव जाऊन तेथे आता त्याच तिघांची नावे आहेत. स्वातंत्र्यानंतर खाती वाढली, पुनर्वसनाचे प्रचंड काम आले, आणि या जुन्या दालनांत टेबलाला टेबल भिडले. तेव्हा डॉ. विधानचंद्र राय यांच्या सरकारने नदीच्या बाजूस, उच्च न्यायालयाच्या शेजारी, दुसरी इमारत बांधण्याचे ठरविले.

जागा मोठी अवघड. शेजारचे उच्च न्यायालय १८७२ साली पुरे झालेले. बेल्जममधील ईप्र गावच्या जुन्या कापडपेठेच्या धर्तीवर बांधलेले, टोकदार कमानींचे, गोथिक थाटाचे. त्याच्याशी मेळ घालावयाचा म्हणून आणखी एक कमानींची रांग उभी करणे कोणत्याही खात्याला सोपे होते, आणि तसे केले असते तर त्यावर कोणी शेराही मारला नसता. रहमान यांनी तसे केले नाही. त्यांनी पोलादी सांगाड्यावर तेरा-चौदा मजल्यांची एक सरळ, उंच इमारत आखली. १९४९ मध्ये काम हाती घेतले गेले आणि १९५४ मध्ये ते पुरे झाले. अशा सांगाड्याच्या भारतातील पहिल्या उंच इमारतींत तिची गणना होते. चंदिगढचे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे जाण्याच्या आधीच कलकत्त्यात एका देशी अधिकाऱ्याने सरकारी पैशाने आधुनिक वास्तूचा एवढा मोठा प्रयोग आरंभिला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

येथे रहमान यांची यंत्रशास्त्राची जुनी विद्या कामी आली असली पाहिजे. पोलादी सांगाड्याची इमारत म्हणजे एक प्रकारचे यंत्रच. भार भिंतींवर नसतो, तो खांब-तुळयांच्या जाळ्यावर असतो. भिंती मग नुसत्या पडद्यासारख्या. त्यांत हवे तेथे खिडक्या ठेवता येतात. कलकत्त्याच्या दमट हवेत हा मोठाच लाभ. खोली अरुंद ठेवून दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवावयाचा, आणि प्रत्येक मजल्यावर आडवे छज्जे काढून ऊन व पाऊस अडवावयाचा, हा या पद्धतीचा साधा हिशेब. त्या छज्ज्यांच्या आडव्या रेघा हाच इमारतीचा अलंकार. मंत्र्याच्या दालनासाठी निराळा सज्जा नाही, कारकुनाच्या खोलीची खिडकी निराळी नाही. बाहेरून सर्व मजले सारखे. रायटर्स बिल्डिंगच्या पुतळ्यांकडे पाहून मग या इमारतीकडे पाहिले म्हणजे राज्य बदलल्याचे डोळ्यांना कळते.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नवे सचिवालय मजल्यामजल्याने वर चढत होते, त्याच वर्षांत सियालदा स्टेशनच्या फलाटांवर निर्वासितांचे संसार मांडलेले होते. शहराच्या दक्षिणेस जादवपूर, टॉलीगंज या भागांत पडीक जमिनी बळकावून लोक रातोरात बांबूच्या आणि तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या करीत होते. १९५० संपेतोवर अशा सुमारे दीडशे वसाहती उठल्या होत्या. रस्ते त्यांनी आपले आपण आखले, तळी राखली, शाळा काढल्या. त्यांचे नकाशे कोणा वास्तुशिल्पज्ञाने काढले नाहीत. पुनर्वसन खात्याच्या फायली ठेवण्यासाठी चांगली जागा झाली आणि ज्यांच्याविषयी त्या फायली होत्या ते लोक मात्र चिखलात राहिले, असा आरोप करणे सोपे आहे. तो सर्वस्वी न्याय्य नाही; कचेरीवाचून पुनर्वसन झाले नसते. पण सर्वस्वी खोटाही नाही. एका वास्तुशिल्पीकडे स्मारक व सचिवालय सोपविणाऱ्या राज्याने त्याच्याकडे, किंवा कोणाकडेही, त्या दीडशे वसाहतींचा आराखडा वेळेवर मागितला असता तर आजचे दक्षिण कलकत्ता निराळे झाले असते.

रहमान कलकत्त्यात राहिले नाहीत. नेहरूंच्या इच्छेनुसार १९५३ साली ते दिल्लीस केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यात गेले. त्यांच्या मागे कलकत्त्याच्या नगररचनेची सूत्रे हळूहळू परकीय तज्ज्ञांच्या सल्ल्याने हलू लागली. शिबपूरच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख म्हणून १९५२ मध्ये अमेरिकेहून जोसेफ स्टाइन आले. तेही पुढे दिल्लीकरच झाले. १९६१ साली डॉ. राय यांनी महानगर नियोजनासाठी जी संघटना स्थापली तिला अमेरिकेतील फोर्ड प्रतिष्ठानाचे साहाय्य होते. तिने १९६६ मध्ये वीस वर्षांचा विकास आराखडा प्रसिद्ध केला. पूर्वेकडील खाऱ्या दलदलीत भर घालून जे नवे उपनगर वसले, त्याचा आराखडा दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह तज्ज्ञाने केला. या सर्वांचे काम मोलाचे आहे, आणि विद्या कोठूनही यावी. तथापि या शहरात जन्मलेला, येथल्या चिखलाची आणि वाऱ्याची जाण असलेला माणूस नेमका याच दशकात दिल्लीच्या कामाला लागलेला होता, हे लक्षात आल्यावाचून राहत नाही.

दिल्लीत त्यांच्या हातून झालेल्या कामाची यादी लांबलचक आहे. विद्यापीठ अनुदान मंडळाची इमारत, महालेखापालांची कचेरी, इंद्रप्रस्थ भवन, जागतिक आरोग्य संघटनेची वास्तू, रामकृष्णपुरम येथील सरकारी नोकरांची घरे, प्राणिसंग्रहालयातील बांधकामे. सरकारी घरांच्या बाबतीत काम फार किचकट असते. पगाराच्या श्रेणीप्रमाणे खोल्यांचे क्षेत्रफळ ठरलेले, खर्चाचा आकडा ठरलेला, आणि एक नकाशा शेकडो वेळा उठावयाचा. त्यात एखादी खिडकी वाऱ्याच्या दिशेला आणणे, एखादा व्हरांडा वाचविणे, एवढीच काय ती कलेला मोकळीक. रहमान यांच्या कल्पकतेचा मोठा भाग अशा न दिसणाऱ्या ठिकाणी खर्ची पडला. १९५५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या पत्नी इंद्राणी रहमान मात्र घरोघरी परिचित होत्या. रागिणीदेवी या भारतीय नृत्याला वाहून घेतलेल्या अमेरिकन विदुषीच्या त्या कन्या. १९५२ साली त्या ‘मिस इंडिया’ ठरल्या, आणि पुढे भरतनाट्यम् व ओडिसी नृत्य घेऊन जगभर फिरल्या. ओरिसाबाहेर फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या ओडिसीला देशोदेशीच्या रंगमंचावर नेणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. इंद्राणींचे नृत्य हजारोंनी पाहिले आणि त्यांचे नाव लक्षात ठेवले. हबीब यांच्या इमारतींत लाखो लोक रोज गेले-आले आणि त्या कोणी योजल्या हे विचारण्याचे त्यांना कारण पडले नाही.

कचेरीच्या साच्यातून रहमान यांना बाहेर काढले ते एका नापसंतीने. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्यानिमित्त साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादमींसाठी दिल्लीत रवींद्र भवन बांधावयाचे ठरले. रहमान यांनी प्रथम केलेला आराखडा नेहरूंना मुळीच पसंत पडला नाही. कवींच्या स्मृतीसाठी हवी असलेली वास्तू त्यात त्यांना दिसेना. पंतप्रधानांनी नकाशा परत पाठविणे ही सरकारी नोकराच्या आयुष्यात लहान गोष्ट नव्हे. एखाद्याने रंग बदलून, चार जाळ्या लावून तोच नकाशा पुन्हा सादर केला असता. रहमान यांनी तो बाजूला ठेवला आणि नव्याने आरंभ केला. जे उभे राहिले त्यात दगडी भिंती आहेत, सावली धरणारे खोल छज्जे आहेत, जाळ्या आहेत. पण त्यांपैकी काहीही एखाद्या जुन्या वास्तूची नक्कल म्हणून आलेले नाही. ऊन, धूळ आणि माणसांची ये-जा यांचा विचार करता करता ते आले आहे. रवींद्रनाथांच्या गावच्या माणसाने, गावापासून दूर, रवींद्रनाथांच्याच निमित्ताने आपली खरी भाषा शोधून काढली.

घाटापासून निघालेला दुसरा धागाही याच काळात पुढे गेला. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद निवर्तले. मौलानांचे तारुण्य कलकत्त्याचे. १९१२ साली त्यांनी ‘अल्-हिलाल’ हे तेजस्वी पत्र काढले ते कलकत्त्यातून. दिल्लीच्या जामा मशिदीसमोरच्या बागेत त्यांची मजार बांधण्याचे काम रहमान यांच्याकडे आले. समोर शहाजहानची मशीद, पाठीशी लाल किल्ला. येथे काहीही मोठे बांधणे म्हणजे त्या दोहोंशी स्पर्धा करणे. रहमान यांनी कबरीवर पातळ काँक्रीटचे एक पांढरे छत्र तेवढे धरले. चारी बाजूंनी कमान, वर आकाश, भोवती बाग. कमानीचे वळण मशिदीच्या दर्शनी कमानीशी नाते सांगणारे, पण वजन कसे ते नाही. बराकपूरच्या मनोऱ्यावर ज्याला तीन खुणा मांडाव्या लागल्या, त्यालाच दहा वर्षांनी एका कमानीत सर्व काही सांगता आले. रहमान यांच्या कारकिर्दीतील प्रगती मोजावयाची तर या दोन स्मारकांमधील अंतर मोजावे. पुढे राष्ट्रपती झाकिर हुसेन आणि फक्रुद्दीन अली अहमद यांच्या समाध्याही त्यांनीच योजल्या.

१९७० साली ते केंद्रीय खात्याचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. अभियंत्यांचे वर्चस्व असलेल्या त्या खात्यात वास्तुशिल्पज्ञाचे स्थान बरेच दिवस दुय्यम होते. एक म्हणजे त्याने इमारत ‘सजवावी’ एवढीच अपेक्षा असे. १९७४ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले, आणि दिल्ली नगरकला आयोगाचे सचिव म्हणून त्यांनी नवे काम पत्करले. शहराच्या रूपाला बाध आणणारी बांधकामे रोखणे हे या आयोगाचे काम. आयुष्यभर ज्याने एकेक इमारत उभारली त्याच्याकडे आता दुसऱ्यांच्या इमारती आवरण्याचे काम आले! १९७७ पर्यंत ते त्या पदावर होते.

तोपर्यंत त्यांनी कलकत्त्यात घालून दिलेला धडा देशभर गिरविला गेला होता. तोही दुर्दैवाने अर्धाच. छज्जे आले, पण त्यांचा ओळंबा आणि दिशा आली नाही. सरळ चौकोन आला, पण प्रमाण आले नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतून बांधकाम खात्यांनी उठविलेल्या त्या एकसुरी, पाणी गळणाऱ्या, जिन्यात पानाच्या पिंका पडलेल्या कचेऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांचा दोष रहमान यांच्या माथी मारता येणार नाही. तरी साधेपणाची वास्तू चांगल्या हातात असेल तोवरच साधी राहते, एरवी ती नुसती स्वस्त होते, हे धोके ग्रोपिअसांच्या शिष्यपरिवाराने वेळीच ओळखले होते असेही म्हणता येत नाही.

१९ डिसेंबर १९९५ रोजी हबीब रहमान यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र राम रहमान हे नामवंत छायाचित्रकार. वडिलांचे नकाशे व जुनी छायाचित्रे त्यांनी जपून लोकांपुढे मांडली, म्हणून या सरकारी नोकराचे काम पुन्हा चर्चेत आले. काही वास्तू त्याआधीच ओळखू न येण्याइतक्या बदलल्या होत्या. दिल्लीतील जागतिक आरोग्य संघटनेची इमारत २०१९ मध्ये पाडण्यात आली.

कलकत्त्याचे नाव २००१ पासून कोलकाता झाले. २०१३ साली राज्याचे मुख्य सचिवालय रायटर्स बिल्डिंगमधून निघून नदीपलीकडे हावड्याला ‘नबान्न’ या दुसऱ्या एका उंच इमारतीत गेले. रहमान यांचे नवे सचिवालय मात्र किरणशंकर राय मार्गावर उच्च न्यायालयाच्या शेजारी उभे आहे, आणि नाव अजून नवेच आहे. बराकपूरला, घाटापासून जवळच असलेल्या गव्हर्नरांच्या जुन्या बागेत, कलकत्त्याच्या मैदानावरून १९६९ मध्ये हलविलेले इंग्रज अधिकाऱ्यांचे पुतळे ठेवलेले आहेत. दर ३० जानेवारीस राज्यपाल गांधीघाटावर येतात, प्रार्थना होते, सूत काततात, आणि भरतीचे पाणी काँक्रीटच्या पायऱ्या चढून येते.